वांग्यात गेलेलं भोक

मंगळवारी जामच्या चौरस्त्यावर पाय ठेवायला जागा नसे. एरवी हा चौक म्हणजे संत्र्यांचे ढीग, चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकानं आणि नागपूरहून हैदराबादकडे धावणारे ट्रक. मंगळवारी मात्र ट्रकवाले हॉर्न वाजवून थकत, पण गर्दी काही हटत नसे. हिंगणघाट, समुद्रपूर, सेलू, पार यवतमाळकडून माणसं येत. कुणाच्या कडेवर निळ्या ओठांचं लेकरू, कुणाच्या पिशवीत एक्स-रे, कुणाची म्हातारी खाटेसकट टेम्पोत. ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत मांडव घातलेला असे आणि त्याच्यावर कापडी फलक: 'श्री छिद्रहारी महाराज. हृदयाचे छिद्र बिना चीरफाड बंद.'

हृदयाला भोक असू शकतं, हे लोकांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते भोक वांग्यात काढून घेता येतं, हा शोध मात्र महाराजांचा.

त्या मंगळवारी रांगेत मधुकरराव उभे होते. पवनारजवळ धाम नदीच्या काठी त्यांचं वावर. वांगी, कोबी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं पिकवायचं आणि सकाळी वर्ध्याच्या बाजारात न्यायचं, यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांच्या कडेवर नात होती, आकांक्षा. वय चार वर्षांचं, पण अंगानं दोन वर्षांच्या पोरीएवढी. शेजारी त्यांची बायको सुलोचनाबाई नारळ घेऊन उभ्या होत्या. मुलगा निकेश आणि सून हर्षा यांना दोघं सांगून आले होते की नातीला केळझरच्या गणपतीला नेतो. गणपतीच्या नावावर खोटं बोललो, ही बोच मधुकररावांना रस्ताभर लागली होती. पण महाराजांचा मांडव दिसला आणि ती बोच गर्दीत हरवली.

महाराज मोठे नामी गृहस्थ होते. अंगात भगवा झब्बा आणि त्यावर डॉक्टरांचा पांढरा कोट. गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि तिच्या जोडीला स्टेथोस्कोप. त्या नळीची टोकं त्यांनी कधी कानात घातल्याचं मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

"हृदय म्हणजे काय?" महाराज माइकवर विचारत होते. "हृदय म्हणजे देहातलं वांगं. वर देठ, खाली पोट. ब्रह्मदेवानं भाज्या पुष्कळ केल्या, पण हृदयाचा साचा त्यानं एकाच भाजीला वापरला. अमेरिकावाले डॉक्टर अब जाके समझे. ते छाती फाडतात. आम्ही वांगं फाडतो. फरक काय? त्यांचा पेशंट रडतो, आमचं वांगं रडत नाही."

लोक हसले आणि हसता हसता त्यांनी हात जोडले. हसवणाऱ्या माणसाबद्दल संशय घेणं जड जातं, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

पुढची रीत अशी. महाराजांच्या आसनासमोर वांग्यांची मोठी टोपली. महाराज तिला शिवतसुद्धा नसत. रोग्याच्या घरच्यांनीच आपल्या हातानं एक वांगं उचलायचं. लोकांचा विश्वास बसायचा तो इथंच. मग चेला त्या वांग्याचा देठ टोपीसकट पिळून काढी, कारण म्हणे देठ हे रोगाच्या वाटेवरचं झाकण. महाराज ते वांगं रोग्याच्या छातीवरून फिरवत, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत आणि सुरी घरच्यांच्याच हातात देत. वांगं चिरलं की आत काळंकरडं भोक. बाहेरून वांगं गुळगुळीत, आत लांब बोगदा. कधी त्यात वळवळणारी अळीसुद्धा निघे आणि मग महाराज तिला रोगाचा जीव म्हणत. क्वचित एखादं वांगं आतून स्वच्छ निघालं तर महाराज खेदानं मान हलवत आणि सांगत, "पाप अजून पिकलं नाही, पुढच्या मंगळवारी या."

मधुकररावांची पाळी आली. टोपलीत बहुतेक वांगी जांभळी होती, पण मधूनमधून हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगीही होती. अशी वांगी त्यांच्या स्वतःच्या वावरात होत. सुलोचनाबाई त्यांचं बी दरवर्षी राखेत जपून ठेवायच्या आणि आसपास ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. आपल्यासारखंच वांगं देवाच्या दारी दिसावं, हा मधुकररावांना शकुन वाटला. त्यांनी तेच उचललं.

सुरी त्यांच्याच हातात आली. वांगं उभं चिरलं आणि मधोमध भोक निघालं. भोकात गुलाबीसर अळी वळवळत होती.

सुलोचनाबाई खालीच बसल्या आणि रडू लागल्या. मांडवात जयजयकार झाला. महाराजांनी चिरलेलं वांगं सगळ्यांना फिरवून दाखवलं. "आजोबा, हे भोक नातीच्या छातीत होतं. आता इथं आलं. गोळ्या बंद. दवाखाना बंद. अमावस्येपर्यंत अंगाला लोखंड लागू द्यायचं नाही. सुई म्हणजे लोखंडच."

आकांक्षा आजोबांच्या कडेवरून वाकली. तिनं वांग्यात नीट डोकावून पाहिलं.

"आबाजी," ती म्हणाली, "हे तं किडकं वांगं हाय."

मधुकररावांनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

आता उभा जन्म वांगी पिकवणाऱ्या माणसाला किडकं वांगं ओळखू येऊ नये, हे कुणाला पटेल? पण माणूस डोळ्यांनी जेवढं पाहतो, त्याहून जास्त गरजेनं पाहतो. मधुकररावांची गरज काय होती, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंना आकांक्षाच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला होता. पुढं नागपूरच्या रुग्णालयात यंत्रावर तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या घराला बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयाच्या खालच्या दोन खोल्या, मधली भिंत, भिंतीला भोक. त्या भोकातून रक्त चुकीच्या बाजूला जातं आणि फुप्फुसांत जास्तीचं भरतं. म्हणून ही धापा टाकते, म्हणून हिचं अंग भरत नाही. फुप्फुसांच्या नळ्या कडक व्हायच्या आत ऑपरेशन करून भोक बुजवायचं. फार उशीर झाला तर मग ऑपरेशन करताही येत नाही. सरकारी योजनेत सगळं बसत होतं. तारीखही मिळाली.

त्या दिवशी मधुकररावांनी एकच विचारलं होतं. "शंभर टक्के बरी होईन ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बहुतेक मुलं चांगली बरी होतात. पण शंभर टक्के, असं मी कुठल्याच ऑपरेशनचं म्हणत नाही, आजोबा."

प्रामाणिक उत्तर होतं, पण मधुकररावांना ते पुरलं नाही. त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. घरात बाकी सगळ्यांना काही ना काही काम लागलं. निकेश रक्त देणारे मित्र गोळा करत होता. हर्षा ऑपरेशनआधी पोरीचे किडलेले दात दाखवायला तिला वर्ध्याला नेत होती, सर्दीखोकला लागू नये म्हणून लग्नाकार्याची गर्दी टाळत होती. गोळ्या वेळेवर द्यायचं काम सुलोचनाबाईंकडे होतं. मधुकररावांना मात्र करण्यासारखं काहीच नव्हतं. ते ओट्यावर बसून नातीच्या छातीकडे बघत. ती श्वास घेई तेव्हा फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाई, आणि त्यांना वाटे, आपला श्वास काढून हिला देता आला असता तर दिला असता. आकांक्षाला तर कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की नागपूरला झुल्यात बसायला जायचं आहे.

अशा वेळी भैय्याजी भेटला. हा टेम्पोवाला भाजीवाल्यांकडून किडका, फेकायचा माल गोशाळेसाठी म्हणून उचलून नेई. मधुकररावांकडेही दर आठवड्याला यायचा. त्यानं पोरीची हकिकत ऐकली आणि म्हणाला, "काका, जामले एक महाराज बसतेत. दवाखान्यावानी घाबरवत नाईत. तिथं शंभर टक्के."

जे दोन शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला म्हातारा तडफडत होता, ते त्याला टेम्पोवाल्यानं फुकट दिले. त्यानंतर मंगळवारची वाट पाहणं तेवढं उरलं होतं.

जामहून परत आल्यावर मधुकररावांनी घरात जामला गेल्याचं सांगून टाकलं. हर्षा संतापली. निकेश आधी चिडला, मग त्यानं चिरलेल्या वांग्याची हकिकत पुन्हा पुन्हा विचारली. त्यालाही रात्ररात्र झोप नव्हती. आपल्या लेकराची छाती उघडणार, हा विचार त्याला सोडत नसे. हर्षा म्हणाली, "एकदा डाक्टरले तं दाखवू." निकेश म्हणाला, अमावस्या होऊन जाऊ दे, मग दाखवू. रुग्णालयातून फोन आला तेव्हा त्यानं पोरीला ताप आहे असं सांगितलं आणि तारीख पुढं ढकलली. त्या घरात भीतीच इतकी होती की खोट्याला फारशी जबरदस्ती करावी लागली नाही. गोळ्याही बंद झाल्या आहेत, हे मात्र हर्षाला कुणी सांगितलं नाही. सुलोचनाबाई त्या रोज पुडीतून काढत आणि चुलीत टाकत.

थोड्याच दिवसांत आकांक्षाचे गाल भरले. डोळ्यांखाली, पायांवर मांस दिसू लागलं. सुलोचनाबाई शेजारपाजारी सांगत सुटल्या की महाराजाचा गुण आला, पोरगी भरली. काट्यावर वजनही वाढलेलं निघालं. रुग्णालयात सगळे म्हणत होते ना, वजन वाढलं पाहिजे? मग वाढलं की. मधुकररावांनी केळझरच्या गणपतीला मनातल्या मनात हात जोडले आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

एका दुपारी ते वावरात वांगी निवडत बसले होते. चांगली एका बाजूला, किडकी दुसऱ्या बाजूला. हे काम आकांक्षाच्या आवडीचं. तिला पळता येत नसे, बाकीच्या पोरांसोबत खेळता येत नसे, म्हणून आजोबांनी तिला हा खेळ शिकवला होता. वांग्याच्या देठाची टोपी नखानं जराशी उचलायची. खाली मोहरीएवढा काळा ठिपका दिसला तर ते वांगं बाद. अळी लहान असताना तिथून आत शिरते, मागची वाट विष्ठेनं बुजवते, आणि वांगं वाढताना ती खूण टोपीखाली झाकून जाते. बाहेरून बघणाऱ्याला वांगं देखणं दिसतं आणि आत अळी ते पोखरत असते.

त्या दिवशी पोरगी पोत्याला टेकून बसली होती आणि तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. तिनं एक वांगं उचललं, टोपी वर केली, ठिपका पाहिला आणि बाजूला ठेवलं. "आबाजी, हे महाराजाचं," ती म्हणाली. मग दम घेऊन तिनं विचारलं, "ह्याच्यातबी माहंच भोक गेलं का?"

मधुकररावांनी ते वांगं चिरलं. आत बोगदा होता, आणि बोगद्यात गुलाबीसर अळी. दुसरं चिरलं. तसंच. तिसरं, चौथं, पाचवं. त्यांच्यापुढे चिरलेल्या वांग्यांचा सडा पडला. एवढी भोकं एका पोरीच्या छातीतून कुठून येणार होती? भैय्याजी हीच वांगी पोत्यात भरून नेत होता. गोशाळेत नव्हे, जामला. बाहेरून फुटलेली गुरांपुढे टाकत असेल आणि गुळगुळीत तेवढी टोपलीत घालत असेल. ज्याला शकुन समजून उचललं, ते हिरवं वांगं मधुकररावांनीच आपल्या हातानं किडकं म्हणून फेकलेलं होतं.

मग त्यांनी पोरीकडे पाहिलं. तिच्या पावलावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. ते मांस नव्हतं, पाणी होतं.

त्यांनी हर्षाला हाक मारली. ती पलीकडच्या वाफ्यातून धावत आली, पोरीचा चेहरा पाहिला आणि मागोमाग आलेल्या सासूला विचारलं, "आई, गोळ्या देऊन राह्यल्या ना तुमी?" सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला. हर्षा पोरीला उचलून रस्त्याकडे पळाली.

नागपूरच्या रुग्णालयात डॉक्टरांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर मधुकररावांना बरं वाटलं असतं. त्यांनी पोरीला भरती केलं, नळीतून औषध सुरू केलं, पुन्हा यंत्रावर तपासलं आणि निकेशला सांगितलं, "गोळ्या थांबल्यामुळे अंगात पाणी साठलंय. छातीत जंतुसंसर्गही आहे. फुप्फुसांतला दाब आधीपेक्षा वाढलाय. अजून ऑपरेशन करता येईल, पण आधी हे सगळं आटोक्यात यायला हवं. आणि धोका आता पहिल्यापेक्षा जास्त आहे." निकेश भिंतीला टेकून ऐकत राहिला. त्यानं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

पोरगी जरा सावरली तेव्हा मोहिनी सिस्टर येऊ लागल्या. लहान मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना ऑपरेशनसाठी तयार करायचं, हे त्यांचं काम. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं की हिला काय सांगून आणलं आहे. हर्षानं खाली मान घालून झुल्याचं सांगितलं.

"अन् झोपेतून उठल्यावर झुला दिसला नाई तं?" सिस्टर म्हणाल्या. "छातीत नळ्या असतीन, तोंडात नळी असन, बोलता येणार नाई. तवा ती कोणावर भरवसा ठेवन? तिले खरं सांगा. तिच्याएवढं लहान करून सांगा, पण खरं सांगा."

सिस्टरांकडे कापडी बाहुली होती. त्यांनी बाहुलीच्या नाकावर मास्क ठेवला आणि तो आकांक्षालाही हातात धरायला दिला. बाहुलीच्या छातीवर उभी पट्टी चिकटवली, हाताला बारीक नळी लावली आणि प्रत्येक वस्तू कशाला असते ते सांगितलं. आई आतमध्ये येणार नाही, पण तू जागी झाल्यावर तुला भेटायला येईल, हेही सांगितलं. आकांक्षानं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि बाहुलीची पट्टी काढून पुन्हा नीट लावली. मधुकररावांना ते पाहवेना. ते उठून पायऱ्यांवर जाऊन बसले. आपण हिच्या तोंडावर हात ठेवला होता, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

मंगळवार आला. मधुकरराव कुणाला न सांगता वावरात गेले, किडक्या वांग्यांचं पोतं भरलं, त्यात काही चांगलीही टाकली आणि जामची गाडी पकडली.

मांडव तसाच भरलेला होता. महाराज तेच बोलत होते, लोक तिथंच हसत होते. मधुकररावांनी पोतं आसनासमोर उपडं केलं. चेले धावले, पण मागच्या रांगेतले ट्रकवाले म्हणाले, म्हाताऱ्याला बोलू द्या.

"हे माह्या वावरातले वांगे हायेत," मधुकरराव म्हणाले. त्यांचा आवाज लहान होता, पुढच्यांनाच ऐकू गेला. "याच्यावर कोनाचा हात फिरला नाई, कोनाचा मंत्र नाई." त्यांनी टोपी उचलून काळा ठिपका दाखवला. वांगं चिरलं. भोक. दुसरं चिरलं. भोक. मग चेल्याला काही कळायच्या आत महाराजांच्या टोपलीतलं एक वांगं घेतलं आणि त्याचीही टोपी उचलली. तोच ठिपका. "देठ काऊन पिळून काढतेत, ते समजलं का आता? खूण तिथंच असते."

मांडवात कुजबुज सुरू झाली. बायका पुढं सरकून वांगी हातात घेऊन पाहू लागल्या. मधुकररावांनी एक चांगलं वांगं उचललं, चार जणांना तपासायला दिलं आणि महाराजांपुढे धरलं. "याच्यात एक भोक आणून दाखवा. माह्या नातीचं नाई तं कोनाचंबी आना."

महाराजांनी डोळे मिटले. जिथं श्रद्धा नाही तिथं शक्ती येत नाही, परीक्षा घेणाऱ्याच्या कुळाला दोष लागतो, असं बरंच काही त्यांनी माइकवर सांगितलं. वांग्याला मात्र हात लावला नाही. एक ट्रकवाला म्हणाला, "महाराज, दोष मंग द्या, पयले भोक पाडा." भैय्याजीचा टेम्पो ढाब्यामागून केव्हा निघून गेला, ते कुणाला कळलंही नाही.

इथं गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. लोकांचे डोळे उघडले, भोंदूला पळवून लावला, टाळ्या. पण झालं ते वेगळंच. अर्धी माणसं पांगली. काहींनी मधुकररावांनाच शिव्या दिल्या, कारण ते लांबून आले होते आणि त्यांची पाळी जवळ आली होती. आणि रांगेत एक बाई तशीच उभी राहिली. जयवंता तिचं नाव, समुद्रपूरकडची. छातीशी शालीत गुंडाळलेलं तान्हं लेकरू होतं आणि लेकराची नखं निळी होती.

"तुमची नात बरी झाली का मंग दवाखान्यात?" तिनं विचारलं.

"आजून आपरेशन व्हाचं हाय."

"होईन बरी?"

मधुकररावांनी तोंड उघडलं. एक शब्द बोलायचा होता, तेवढ्यानं ही बाई मांडवातून बाहेर पडली असती. तो शब्द किती गोड असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण तो खोटा होता.

"माहीत नाई, बाई," ते म्हणाले. "बहुतेक लेकरं बरी होतेत म्हंते डाक्टर. पन मी महाराजाकडं आनली अन् तिचं जास्त झालं. एवढं मले पक्कं माहीत हाय. तुमी लेकराले घेऊन चाला. मी संग येतो, डाक्टर दाखवतो."

जयवंतानं त्यांच्याकडे पाहिलं, मग महाराजांकडे पाहिलं. "हे तं होईन म्हंतेत," ती हळूच म्हणाली आणि रांगेत एक पाऊल पुढं सरकली. मधुकरराव तिच्याशेजारी बराच वेळ उभे राहिले, विनवत राहिले. शेवटी चेल्यांनी त्यांना धरून रस्त्यापर्यंत आणून सोडलं. पुढच्या मंगळवारी मांडव तिथं नव्हता. महाराज चंद्रपूरकडे गेले असं कुणी म्हणालं. त्या बाईच्या लेकराचं पुढं काय झालं, ते कुणालाच सांगता आलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी आकांक्षाला हिरवा झगा घातला. हर्षा तिचे केस विंचरत होती आणि विंचरलेलेच पुन्हा विंचरत होती. निकेश खिडकीकडे तोंड करून उभा होता. सुलोचनाबाई घरून आल्याच नव्हत्या. पोरीनं बाहुली काखेत धरली आणि आजोबांना जवळ बोलावलं.

"आबाजी, दुखन का?"

हर्षाच्या हातातली फणी थांबली.

"दुखन, माय," मधुकरराव म्हणाले. "झोपेत नाई दुखनार. उठशीन तवा दुखन. मंग कमी कमी होत जाईन."

"तू येशीन आत?"

"मले येऊ देत नाईत. मी भाईर बसतो. तू येईस्तोवर उठत नाई."

आकांक्षानं थोडा विचार केला आणि मान हलवली. ती रडली नाही. तिला नेणारी चाकांची गाडी दारातून आत गेली, दार मिटलं, आणि मधुकरराव बाकावर बसले. त्यानंतरचा वेळ कसा गेला, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. करण्यासारखं त्यांच्याकडे तेव्हाही काहीच नव्हतं.

दुपार कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. भोक बुजवलं आहे, म्हणाले. हृदय आपलं आपण चालतं आहे. पण फुप्फुसांतला दाब अजून हवा तेवढा खाली आला नाही. पुढचे काही दिवस नाजूक आहेत, आणि औषध बराच काळ घ्यावं लागेल. निकेश आणि हर्षा एकमेकांचा हात धरून रडले. मधुकरराव उठले आणि डॉक्टरांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"पयल्या तारखेले आनली असती तं?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांनाही सोपं होतं.

"तर ही काळजी बहुधा नसती," ते म्हणाले.

मधुकररावांनी मान डोलवली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले.

वाचकहो, तुमच्या घरी असं लेकरू असलं तर कुणीतरी 'शंभर टक्के' म्हणत दाराशी येईलच. त्याच्याशी देवाधर्माचा वाद घालू नका. त्याला एवढंच म्हणा, की मी आणलेल्या वस्तूवर, मी तपासल्यावर, माझ्यासमोर करून दाखव. तो कुळाच्या दोषाकडे वळला की समजा. आणि डॉक्टर जेव्हा 'सांगता येत नाही' म्हणतात, तेव्हा ते तुम्हाला फसवत नसतात, म्हणूनच तसं म्हणतात. ते ऐकून रात्रभर झोप लागत नाही, हे खरं आहे आणि त्यावर कुणाकडेच उतारा नाही. घाबरा, रडा, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारा. पण गोळी बंद करू नका आणि तारीख चुकवू नका.